सावजीच्या गावात साधे चाप

नागपूर, प्रतिनिधी

रविवारची सकाळ. नंदनवन वसाहतीतून जगनाडे चौकाकडे निघालेल्या दहा पिशव्यांपैकी निदान तीन पिशव्या तरी मटणाच्या दुकानाकडे वळतात. बाराच्या सुमारास गल्लीत शिरले की कोणाच्या घरी काय शिजते आहे, हे दार न ठोठावताच कळते. काळपट रंगाचा, नाकातोंडातून पाणी काढणारा सावजी रस्सा हा पूर्व नागपूरचा रविवार होय. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आणि पुढे त्यांनीच काढलेल्या भोजनालयांतून ही पाककला शहरभर पसरली. तिचा दरारा असा, की मटण म्हणजे तिखट आणि तिखट म्हणजे तर्री, या समीकरणाबाहेर मटणाला काही चव असते, हे अनेक घरांत ठाऊकच नसते.

हे समीकरण एखाद्या दिवशी अचानक मोडते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी ते वडिलांच्या आजारपणाने मोडले. डॉक्टरांनी मटण बंद केले नाही. बंद केले ते तिखट आणि तेल. वडिलांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता. पहिले दोन रविवार त्यांनी वरणभातावर काढले आणि तिसऱ्या रविवारी ताटावर बसण्यासच नकार दिला. तेव्हा शोध सुरू झाला तो मसाल्याच्या आधाराशिवाय उभे राहू शकेल अशा मटणाचा. मटणातील चाप हा भाग त्यासाठी सर्वांत योग्य, हे अनेक ठिकाणी वाचावयास मिळाले. विलायती पद्धतीही मिळाली: कडक तापलेला तवा, मीठ, मिरे, दोन सुगंधी पाने, प्रत्येक बाजूला तीन मिनिटे आणि झाले. ती जशीच्या तशी करून पाहिली. परिणामी तयार झालेली वस्तू चपलेच्या तळव्यास लावण्याजोगी होती.

चूक पद्धतीत नव्हती, आमच्यातही फारशी नव्हती. ती पद्धत ज्या जनावरासाठी लिहिली होती, ते जनावर नंदनवनच्या दुकानात टांगलेले नव्हते, एवढेच.

कोकरू आणि करडू

इंग्रजी पाककृतींत ज्याला 'लॅम्ब' म्हणतात ते कोकरू, म्हणजे एक वर्षाच्या आतील मेंढीचे पिल्लू. 'मटण' या शब्दाचा तिकडील अर्थ प्रौढ मेंढीचे मांस असा आहे. आपल्याकडे मात्र मटण म्हटले की बहुतेक वेळा बोकड समजला जातो आणि विदर्भात तर तो जवळजवळ नेहमीच असतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे एक कोटी सहा लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. म्हणजे एका मेंढीमागे चार शेळ्या. त्यातही मेंढ्या मुख्यत्वे धनगर बांधवांच्या कळपांत, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यांत आहेत. नागपूर, वर्धा या भागाची स्वतःची शेळी म्हणजे 'बेरारी'. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिलेली आहे. उस्मानाबादी शेळीही विदर्भाच्या बाजारात सर्वत्र दिसते.

फरक केवळ नावाचा नाही. मेंढीच्या मांसात स्नायूंच्या तंतूंमध्येही चरबी पसरलेली असते आणि वरूनही चरबीचा जाड थर असतो. तव्यावर ही चरबी वितळते आणि मांसाला आतून ओलावा देते. शेळीच्या अंगावर ही चैन नसते. तिची चरबी प्रामुख्याने पोटात, आतड्यांभोवती साठते. बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या मांसात साधारणपणे २० ग्रॅम प्रथिने आणि अवघी दोन-तीन ग्रॅम चरबी असते. हृदयाच्या रुग्णाला ही बातमी चांगली, पण स्वयंपाक करणाऱ्यास तितकीशी नाही. चरबी नाही म्हणजे चूक झाकणारे काही नाही. आच दोन मिनिटे जास्त झाली की मांस कोरडे पडते. शिवाय आपल्याकडील बोकड दिवसभर चालणारा, झुडपांवर चढणारा. चालणाऱ्या जनावराचे स्नायू घट्ट असतात आणि त्यांना जोडणाऱ्या पांढऱ्या पडद्यांत कोलॅजन भरपूर असते. हे कोलॅजन विरघळून मऊ होण्यास ओलावा आणि वेळ लागतो. आपल्या पूर्वजांनी मटणाचा रस्सा का केला आणि तो तासन् तास चुलीवर का ठेवला, याचे उत्तर यात आहे. मसाला नंतर आला असावा. वेळ आधीपासून होता.

म्हणून चापांची विलायती कृती नागपुरात करावयाची तर तीन गोष्टी बदलाव्या लागतात: खरेदी, प्रतीक्षा आणि आचेचा क्रम. चौथी गोष्ट म्हणजे सुगंधी पाने. ती बदलावी लागत नाहीत, कारण ती आपल्या अंगणात आधीपासूनच आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

दुकानात काय मागावे?

आजच्या तरुण वाचकाला 'चाप' म्हटले की सोया चाप आठवतो. तो दिल्लीकडून आलेला शाकाहारी प्रकार होय आणि त्याचा येथे संबंध नाही. मटणातील चाप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा मांसाचा गोळा आणि त्याला जोडलेली बरगडी. शेळीला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. पैकी पहिल्या पाच खांद्याखाली दडलेल्या असतात. तेथील मांस चरबट, पडदेदार आणि रश्शासाठी उत्तम. सहावीपासून तेरावीपर्यंतच्या आठ बरगड्या खऱ्या चापांच्या. दोन्ही बाजू मिळून एका बोकडात असे १६ चाप निघतात. बरगड्या संपल्यावर मागे कमरेचा भाग लागतो. तेथेही चाप निघतात, त्यांना लांब बरगडीचा दांडा नसतो, पण मांस तितकेच मऊ असते. कण्यालगतचा हा स्नायू जनावराला चालण्यासाठी फारसा वापरावा लागत नाही, म्हणून तो कोवळा राहतो.

एका बोकडात फक्त १६, हे गणित लक्षात घेतले म्हणजे रविवारी अकरा वाजता दुकानात जाऊन चाप मागणे किती भाबडेपणाचे आहे हे कळेल. तोवर चापांचे तुकडे होऊन ते 'मिक्स'मध्ये गेलेले असतात. मांडी, खांदा, सीना, नळी, थोडी कलेजी आणि त्यात दोन-चार चाप, अशी किलोची वाटणी ही आपल्याकडील रीत आहे. ती न्याय्यही आहे, कारण त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला चांगल्या भागाचा वाटा मिळतो. सगळे चाप एकट्याने मागणाऱ्यास दुकानदार थोडा जादा भाव सांगतो, त्यात वावगे काही नाही. शक्यतो आधल्या दिवशी सांगून ठेवावे आणि सोमवार किंवा गुरुवारसारख्या निवांत दिवशी जावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, अशी मागणी घेऊन दुकानात जाऊच नये. श्रावण संपलेला असतो, शहर मारबतीच्या मिरवणुकीतून परतलेले असते आणि रांगेतल्या लोकांच्या संयमाला मर्यादा असते.

मागताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, जाडी. सवयीने दुकानदार प्रत्येक बरगडीचा एक, बोटभर जाडीचा चाप पाडतो. असा पातळ चाप तव्यावर वरून रंग येईपर्यंत आतून वाळून गेलेला असतो. त्याऐवजी दोन बरगड्या मिळून एक चाप मागावा. जाडी साधारण एक इंच भरते. दुसरी, सत्तूर. ओंडक्यावर चार घाव घालून तोडलेल्या हाडाच्या बारीक कपच्या मांसात रुततात आणि लहान मुलांच्या घशाला त्याचा धोका असतो. सांध्यावर सुरी फिरवून आणि कण्याच्या हाडावर एकच घाव घालून चाप वेगळा करता येतो. कुशल हाताला ते अवघड नाही, फक्त सांगावे लागते. घरी आल्यावर कापलेल्या कडेवरून बोट फिरवून कपच्या पाहून घ्याव्यात.

कोवळ्या बोकडाची ओळख रंगावरून पटते. मांस फिकट गुलाबी, चरबी पांढरी आणि टणक, बरगडीचे हाड बारीक आणि कापल्या जागी लालसर असावे. गडद लाल मांस, पिवळट चरबी आणि जाड, पांढरे, कोरडे हाड दिसले तर जनावर वयस्क समजावे. ते वाईट नव्हे, पण त्याचा रस्सा करावा.

एक दिवसाची प्रतीक्षा

आपल्याकडे ताजेपणाची कल्पना अशी, की सकाळी कापलेले दुपारी पोटात गेले पाहिजे. भाजीच्या बाबतीत ती योग्य आहे. मांसाच्या बाबतीत मात्र निसर्ग वेगळे सांगतो. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठर होतात. ताठर अवस्थेतील मांस शिजवले तर ते चिवट लागते. पुढे स्नायूंमधील विकर, म्हणजे एन्झाइम, तंतू हळूहळू सैल करतात आणि मांस पुन्हा मऊ पडते. थंड तापमानात या क्रियेला निदान एक दिवस लागतो. रश्शात तासभर उकळताना हा फरक फारसा जाणवत नाही. तव्यावर दहा मिनिटांत होणाऱ्या चापात तो लगेच जाणवतो. आमच्या पहिल्या फजितीचे अर्धे कारण हेच होते. सकाळी नऊला आणलेले चाप साडेअकराला तव्यावर होते.

तेव्हा आज आणलेले चाप उद्या करावेत. आणल्यावर ते धुवायचे असतील तर नळाच्या धारेखाली शिंतोडे न उडवता झटपट धुवावेत आणि स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे करावेत. मग त्यांना मीठ चोळावे. हाडासह पाऊण किलो चापांना एक सपाट चमचा मीठ पुरते. झाकणाच्या भांड्यात घालून ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, फ्रीझरमध्ये नव्हे. ताठरपणा उतरण्यापूर्वीच गोठवलेले मांस वितळल्यावर अधिक आक्रसते आणि पाणी सोडते. रात्रभरात मीठ आत उतरते, मांसातील पाणी धरून ठेवण्यास मदत करते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. तव्यावर तांबूस रंग येण्यासाठी कोरडेपणा अत्यावश्यक आहे. ओले मांस आधी वाफेत शिजते. ज्या खमंग रंगासाठी आपण तवा तापवतो तो रंग पाणी उडून गेल्याशिवाय येत नाही.

येथे नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांची दुपार या शहराला नवी नाही. कच्चे मांस साधारण हवेत दोन तासांपेक्षा अधिक आणि ३२ अंशांच्या वरच्या उष्म्यात एक तासापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे एप्रिल ते जून या काळात दुकानातून निघून भाजीबाजार, बँक, नातेवाईक असा फेरा करून घरी येण्याची सोय नाही. फ्रिजचे तापमान चार अंशांच्या आसपास हवे. वीज वारंवार जात असेल तर एका दिवसाच्या प्रतीक्षेचा आग्रह सोडून द्यावा आणि चाप त्याच दिवशी कुकरमध्ये शिजवून घ्यावेत. दोन दिवसांपेक्षा जास्त तर कधीच ठेवू नयेत.

कच्च्या पपईचे काय, असा प्रश्न येथे हमखास येतो. पपईतील पपेन मांस मऊ करते, यात शंका नाही. मात्र ते वरचा थर आधी गाळते आणि ६० ते ७० अंश तापमानात, म्हणजे मांस तापू लागल्यावर, सर्वाधिक जोर धरते. प्रमाण चुकले तर वरून चिखल आणि आतून चिवट अशी गत होते. कबाबाला ठीक; चापाला एक रात्र आणि मीठ पुरेसे आहे.

सांबार, पुदिना आणि कुंडीतला ओवा

विलायती कृतींत रोझमेरी आणि थाइम ही नावे पुन्हा पुन्हा येतात. मोठ्या दुकानांत ती वाळलेल्या स्वरूपात मिळतात, पण त्यासाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. थाइमचा विशिष्ट वास ज्या द्रव्याचा, त्याचे नाव थायमॉल. आणि आपल्या ओव्याच्या तेलाचा मुख्य घटकही थायमॉलच आहे. पोटदुखीवर आजी ज्या वासाचा ओवा चावायला देत असे, तोच वास युरोपात मांसाच्या तव्यावर दरवळतो. ज्याच्या जाड, लवदार पानांची पावसाळ्यात भजी करतात, तो पानओवाही त्याच गंधाच्या घराण्यातला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पानओवा, पुदिना, सब्जा, रोझमेरी, थाइम ही सारी एकाच कुळातील मंडळी आहेत. तुळसही त्याच कुळातली. पण तुळशीचे पान मटणात घालावे असे सुचवण्याचे धाडस या शहरात कोणी करू नये.

पानओवा लावणे अगदी सोपे आहे. वीतभर फांदी कुंडीत खोचली की ती धरते. नंदनवनच्या गच्च्यांवर आणि सज्जांत तो बहुतेकदा खोकल्याच्या औषधासाठी लावलेला असतो. शेजारी मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. वास उग्र असल्याने चार माणसांच्या चापांना पाच-सहा पाने पुष्कळ झाली. पाने नसतील तर पाव चमचा ओवा तळहातावर चोळून घ्यावा.

मुख्य भार मात्र सांबाराचा. विदर्भाबाहेरील वाचकांसाठी सांगणे भाग आहे, की आमच्याकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरचे नव्हे, कोथिंबीर. हिवाळ्यात सांबारवडी करण्यासाठी नागपुरात ती जुड्यांनी घेतली जाते. चापांसाठीही हाच मोसम उत्तम, कारण सांबार स्वस्त आणि कोवळा असतो, लसणाची हिरवी पात मिळते आणि झाडावर आंबिया बहराची संत्री असतात. सांबाराच्या काड्या टाकून देऊ नयेत. पानांपेक्षा काड्यांचा वास आचेत अधिक टिकतो.

हिरव्या पानांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. सवयीप्रमाणे आपण सांबार, पुदिना, लसूण, मिरची असे सारे वाटून चापांना फासतो आणि तव्यावर टाकतो. दोन मिनिटांत ते वाटण काळे पडते, कडू होते, तव्याला चिकटते आणि मांसाला आच लागू देत नाही. त्याऐवजी कामाची वाटणी करावी. पानओवा आणि ठेचलेला लसूण शिजवतानाच्या पाण्यात घालावा. ओलाव्यात ते जळत नाहीत. गोडलिंबाची पाने शेवटी तव्यावरच्या तुपात तडतडू द्यावीत. सांबार आणि पुदिना मात्र कच्चाच, खलबत्त्यात जाडसर कुटून, तव्यावरून उतरलेल्या गरम चापांवर पसरावा. चापांच्या उष्णतेने तो कोमेजतो, पण शिजत नाही. त्या क्षणी उठणारा वास हाच या पदार्थाचा मसाला होय.

कृती

चार माणसांसाठी दोन बरगड्यांचे आठ चाप घ्यावेत. वजन साधारण पाऊण किलो भरते. लागणारे इतर जिन्नस थोडे आहेत: मीठ, एक चमचा जाडसर कुटलेले मिरे, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आले, पाच-सहा पानओव्याची पाने, एक वाटी चिरलेला सांबार काड्यांसह, मूठभर पुदिना, गोडलिंबाची एक डहाळी, दोन चमचे शेंगदाण्याचे तेल, एक चमचा तूप आणि एक लिंबू. हिरवी मिरची ऐच्छिक. हळद घातली तर चालते, पण तिने मांसाचा मूळ रंग झाकला जातो.

रात्रभर मीठ लावून ठेवलेले चाप कुकरमध्ये एका थरात मांडावेत. त्यावर निम्मा लसूण ठेचून, आल्याचे तुकडे, पानओवा आणि अर्धी वाटी पाणी घालावे. एक शिट्टी होऊ द्यावी, आच मंद करून पाच मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस एकदम उकळून बाहेर पडतो. झाकण उघडल्यावर सुरीचे टोक कण्याजवळच्या गोळ्यात सहज गेले पाहिजे, पण हाडावरून मांस सुटता कामा नये. जनावर थोडे वयस्क वाटले तर दोन शिट्ट्या आणि आठ मिनिटे. ज्यांना कुकर नको त्यांनी जाड बुडाच्या गंजात, झाकणावर पाणी ठेवून, अगदी मंद आचेवर ४० मिनिटे शिजवावे. चव किंचित अधिक चांगली येते, लक्ष मात्र ठेवावे लागते.

चाप बाहेर काढून ताटलीत पसरावेत आणि दहा मिनिटे वाफ निघून जाऊ द्यावी. मग फडक्याने टिपून कोरडे करावेत. खाली उरलेले पाणी गाळून बाजूला ठेवावे. ते ओतून देणे हा गुन्हा समजावा.

बिडाचा तवा चांगला तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचत उडून गेला पाहिजे. चापांना तेलाचा हात लावून, मिरे चोळून, एका वेळी चारच चाप तव्यावर ठेवावेत. गर्दी केली तर तवा थंडावतो आणि चाप पाणी सोडतात. दीड मिनिट त्यांना हलवू नये. सराटा घालून सारखे उलथण्याचा मोह आवरावा. खालून तांबूस रंग आला की चाप स्वतःहून सुटतो, मग उलटावा. दुसऱ्या बाजूसही तितकाच वेळ द्यावा. शेवटी सांडशीने धरून चरबीची कड तव्यावर अर्धा मिनिट टेकवावी. ती कुरकुरीत होते.

सर्व चाप झाल्यावर आच कमी करून त्याच तव्यावर तूप, उरलेला लसूण बारीक चिरून आणि गोडलिंब घालावा. लसूण बदामी होऊ लागताच बाजूला ठेवलेल्या पाण्यापैकी चार चमचे घालून तव्याला लागलेले सारे खरवडून घ्यावे. हा दाटसर अर्क चापांवर ओतावा, वर कुटलेला सांबार-पुदिना पसरावा आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. लिंबू ताटात पिळावे. आंबिया बहराच्या दिवसांत लिंबाऐवजी आंबटगोड संत्र्याच्या दोन फोडी पिळून पाहाव्यात आणि सालीचा वरचा केशरी भाग अगदी चिमूटभर किसून घालावा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण आमच्या स्वयंपाकघरात ते अजून फळांच्या टोपलीतून बाहेर पडलेले नाही.

खरोखर कोवळ्या, फिकट मांसाच्या बोकडाचे चाप मिळाले आणि ते दिवसभर मुरलेले असले, तर कुकर वगळता येतो. मध्यम-तीव्र आचेवर प्रत्येक बाजूला चार मिनिटे, कडेवर एक मिनिट, नंतर पाव वाटी पाणी शिंपडून मंद आचेवर झाकण ठेवून दहा मिनिटे. विलायती पुस्तकांत चाप आतून गुलाबी ठेवावा असे असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अख्ख्या तुकड्यांसाठी आतील तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटे विसावा, अशी किमान मर्यादा सांगितली आहे. ती मर्यादा शीतसाखळीतून आलेल्या आणि थर्मामीटर टोचून मोजलेल्या मांसासाठी आहे. उघड्यावर टांगलेल्या मांसाबाबत तो धोका पत्करण्यात शहाणपणा नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारातून उठलेली माणसे यांना तर पूर्ण शिजलेलेच मटण द्यावे. अर्धवट शिजलेल्या मांसातून टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी पोटात जाऊ शकतात आणि गर्भाला त्यापासून गंभीर अपाय होतो.

सोबत काय?

ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा उत्तम. भात करावयाचा असेल तर कुकरमधील उरलेल्या पाण्यात करावा. कोल्हापूर-सोलापूरकडे तिखट घालण्यापूर्वीचा जो अळणी रस्सा मुलांना आणि आजाऱ्यांना देतात, त्याच्या जवळ जाणारी चव त्या भाताला येते. साधे मटण ही कल्पना परकी नाही, हे त्या अळणी वाटीवरून लक्षात यावे. आपल्याकडे ती फक्त मुख्य ताटात आलेली नाही. घरातील इतरांना तिखट हवे असेल तर मिरचीचा ठेचा किंवा भाजलेल्या जवसाची चटणी वेगळ्या वाटीत ठेवावी. जवसाचे आणि विदर्भाचे नाते जुने आहे. जुन्या सावजी घरांत मटणही जवसाच्या तेलात होत असे.

पथ्यावर असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिखट गेले म्हणून मीठ वाढवावयाचे नाही. रक्तदाब असलेल्यांसाठी दिलेल्या प्रमाणाच्या निम्मे मीठ घेऊन लिंबू आणि पुदिना वाढवावा. आंबट चवीमुळे मिठाची उणीव कमी भासते. चापांच्या कडेची चरबी ज्यांना नको त्यांनी ती शिजवल्यानंतर काढावी, आधी नव्हे. शिजताना ती मांसाचे रक्षण करते.

वडिलांनी पहिल्या दिवशी चाप उलटसुलट करून पाहिला आणि हा शिजला आहे ना, असे दोनदा विचारले. मग तीन खाल्ले. आता महिन्यातून एकदा, बहुधा पहिल्या रविवारी, चाप होतात आणि शनिवारी सकाळी दुकानात सांगून येण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. जाडी किती हवी हे ते दुकानदाराला अंगठा दाखवून समजावतात. हाडे मात्र त्यांना टाकवत नाहीत. ती गोळा करून, मूठभर तूरडाळ घालून, संध्याकाळी त्यांचे वरण होते आणि त्या वरणात चिमूटभर सावजी मसाला कोणी टाकला, याची चौकशी घरात होत नाही.